आई-अण्णांना घेऊन ग्रँड कॅन्यन: गाडी न चालवता, बसने कसं फिरायचं?

होटगीरोडकर | ९ एप्रिल, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई आणि अण्णांना घेऊन बहिणीकडे फिनिक्सला चाललोय. अण्णा ७३ वर्षांचे. उभं आयुष्य चादरीच्या कारखान्यात मागावर गेलं, पाय अजून दणकट आहेत. कोजागरीला तुळजापूरला चालत जायचं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच थांबवलं, तेही आम्ही हट्ट धरला म्हणून. आई ६८ची. तिचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर चालते, पायरी आली की कुणाचा तरी हात लागतो.

दाजी शनिवारी सकाळी आम्हाला ग्रँड कॅन्यनला नेणार, एक मुक्काम करून रविवारी संध्याकाळी परत. पण शनिवारी दुपारपासून त्यांना खोलीत बसून ऑफिसचं काम करायचंय. म्हणजे शनिवारची दुपार आणि संध्याकाळ आम्ही तिघंच. मी इथे रोज गाडी चालवतो, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालवलेली नाही. पहिला प्रयोग आई-वडिलांना मागे बसवून करायची माझी तयारी नाही.

तिथे उद्यानाच्या बस आहेत असं दाजी म्हणतात. तिकीट आधी काढावं लागतं का? आईला चढता येईल का? आणि मुख्य म्हणजे उतरायचं कुठे? दहा ठिकाणी पळत-पळत फोटो काढण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी निवांत बसलो तरी चालेल. अण्णांचा हा आयुष्यातला पहिला विमानप्रवास आहे, बहुतेक शेवटचाही. नीट व्हावा एवढंच वाटतं.

---

बाळीवेस | ९ एप्रिल, रात्री ११.१५

होटगीरोडकर, आधी निर्धास्त व्हा. बसला तिकीट नाही, आरक्षण नाही. उद्यानात शिरताना भरलेल्या प्रवेशशुल्कातच बस आली. स्टॉपवर उभं राहायचं आणि चढायचं.

तुम्ही जाणार तो दक्षिण कडा, साउथ रिम. तिथले बसमार्ग रंगांवरून ओळखतात. निळा मार्ग व्हिलेजमध्ये, म्हणजे कड्यावरच्या गावात फिरतो: व्हिजिटर सेंटर, हॉटेलं, बाजार, रेल्वे स्टेशन. केशरी मार्ग व्हिजिटर सेंटरहून एकीकडे यावापाई संग्रहालय आणि दुसरीकडे याकी पॉइंटला जातो. जांभळा मार्ग बाहेरच्या टुसायान गावातून येतो, पण तो वर्षभर नसतो. आणि लाल मार्ग म्हणजे हर्मिट रोड. सगळ्यात बघण्यासारखा हाच. रंग मार्गाचा असतो, बसचा नव्हे. त्यामुळे लाल बस शोधत बसू नका, काचेवरची पाटी वाचा.

हर्मिट रोड कड्याकडेने ११ किलोमीटर जातो. १ मार्च ते ३० नोव्हेंबर तिथे खासगी गाडी सोडत नाहीत. म्हणजे मेमध्ये तुमचे दाजी गाडी घेऊन आले असते तरी त्यांनाही बसमध्येच बसावं लागलं असतं. निळ्या बसने व्हिलेजच्या पश्चिम टोकाला जायचं, तिथे लाल मार्गाची बस धरायची. कुठेही न उतरता जाऊन-येऊन साधारण ८० मिनिटं लागतात.

आता नीट वाचा, कारण इथेच मी चुकलो होतो. जाताना बस नऊ ठिकाणी थांबते. येताना फक्त तीन ठिकाणी: पिमा, मोहावे आणि पॉवेल.

मी वडिलांना घेऊन गेलो तेव्हा हे वाचलं नव्हतं. सूर्यास्त बघायला होपी पॉइंटला उतरलो. तिथे सगळेच सूर्यास्ताला येतात. सूर्य बुडाला तशी थंडी एकदम चढली, वडिलांच्या अंगात पातळ स्वेटर. परतीची बस दिसली, मी हात दाखवला. आपल्याकडे एसटी हात दाखवला की थांबते, त्याच सवयीने. बस निघून गेली. दुसरीही गेली. मग एका माणसाने समजावलं की होपीला परतीची बस थांबतच नाही. जाणाऱ्या बसमध्ये बसून शेवटापर्यंत जायचं आणि तीच बस परत आणते. त्यातल्याही दोन भरून आल्या. तिसरीत जागा मिळाली, तीही उभ्याने. वडील अंधारात तासभर दांडा धरून उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. मला ते अजून लागतं.

होपीपासून पॉवेल फक्त अर्धा किलोमीटर आहे. उजेड असताना हे माहीत असतं तर दहा मिनिटांत चालत जाऊन परतीची बस धरली असती.

म्हणून तुम्ही असं करा. दुपारी साडेतीन-चारला लाल बस धरा. जाताना एकाच ठिकाणी उतरा, होपीला. त्या वेळी गर्दी नसते. पाऊण तास बसा, पुढची बस धरून थेट शेवटच्या हर्मिट्स रेस्टला जा. तिथे १९१४चं दगडी घर आहे, मेरी कोल्टर या बाईंनी उभारलेलं, आत प्रचंड मोठी शेकोटी. चहा-कॉफी मिळते, पाणी मिळतं. मग परतताना पिमाला उतरा आणि सूर्यास्त मोहावेला बघा. तिथून जी बस येईल ती तुम्हाला गावातच आणते. जाताना जितकं कमी उतराल आणि येताना जितकं जास्त, तितके आईचे हाल कमी.

पिमाला वारा पडला असेल तर पाच मिनिटं कुणी बोलू नका. दीड किलोमीटर खाली कोलोरॅडो नदी दगडांवर आपटते, तिचा आवाज वर येतो.

---

शेळगी | १० एप्रिल, सकाळी ७.३०

बाळीवेस यांनी छान लिहिलंय, पण मी म्हणेन बसवर सगळा भार टाकू नका. म्हातारी माणसं, त्यांना मध्येच थांबावंसं वाटतं, पाठ टेकावीशी वाटते. स्वतःची गाडी असली की मोकळेपणा असतो. दाजींना अर्धा दिवस सुट्टी काढायला सांगा. एवढ्या लांब जाऊन वेळापत्रकाला बांधून घ्यायचं मला तरी पटत नाही.

---

बाळीवेस | १० एप्रिल, सकाळी ८.०५

शेळगी, तुमचं अर्धं बरोबर आहे. डेझर्ट व्ह्यू म्हणून पूर्वेचं टोक आहे, व्हिलेजपासून ४० किलोमीटर. तिथे ही मोफत बस जात नाही, गाडीच लागते. तिथे कोल्टरबाईंचाच १९३२चा दगडी मनोरा आहे आणि नदी चांगली दिसते. तर रविवारी सकाळी दाजींच्या गाडीने डेझर्ट व्ह्यू करा.

पण शनिवारी गाडी घेऊन करणार काय? हर्मिट रोडला गाडीला बंदी. याकी पॉइंटला तर बारा महिने बंदी. उरतो व्हिजिटर सेंटरचा वाहनतळ. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहानंतर तिथे जागा शोधत फिरणं म्हणजे काय, ते आषाढीला पंढरपुरात गाडी लावणाऱ्याला विचारा. आणि वेळापत्रकाचं म्हणाल तर दिवसा बस दहा-पंधरा मिनिटांनी येते. एक चुकली तर दुसरी. चालवणारा माणूस रस्ता बघतो, बसमधला माणूस दरी बघतो. अण्णांच्या मुलाने तरी त्या संध्याकाळी रस्ता बघू नये असं मला वाटतं.

---

कडकभाकरी | १० एप्रिल, दुपारी २.२०

होटगीरोडकर, मी तुमच्या आईच्याच वयाची. दोन्ही गुडघे बदललेले नाहीत, म्हणजे दुखतातच. मुलाने गेल्या वर्षी नेलं होतं, म्हणून आईच्या बाजूने लिहिते.

बसची पायरी उंच नसते. चालकाला नुसतं खुणेने सांगितलं तरी तो बस दाराच्या बाजूने खाली झुकवतो. उतारही बाहेर काढता येतो, व्हीलचेअर थेट आत जाते. लाजायचं नाही, मागायचं. मी पहिल्या दोन स्टॉपना लाजले आणि गुडघा दुखवून घेतला.

पुढच्या बाकांवर बसायचं, ते वयस्कर लोकांसाठी असतात. दरी जाताना उजव्या हाताला येते. चालकाच्या मागची जागा मिळाली तर ती डावी, तिथून झाडंच जास्त दिसतात. आईला आधीच सांगून ठेवा.

स्वच्छतागृह सगळ्या स्टॉपवर नाही. होपीला आहे, हर्मिट्स रेस्टला आहे. आपल्या वयाच्या बाईला हे आधी माहीत असलं की निम्मी काळजी जाते. प्यायचं पाणी मधल्या स्टॉपवर नाही, बाटल्या गावातूनच भरून घ्या.

उंचीचं कुणी लिहिलं नाही. तो कडा २१०० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा कितीतरी वर. पहिल्या दिवशी चार पावलं चाललं की धाप लागते. घाबरायचं नाही, थांबायचं. आणि मे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सोलापूरचं ऊन येतं. तिथे मेमध्ये दिवसा २० अंशांच्या आसपास आणि रात्री चार-पाच. चादर घ्या बरोबर. हसू नका, सोलापूरची चादर घ्याच. बाकावर अंथरायला, पायांवर घ्यायला, गुडघ्याला थंडी लागली की गुंडाळायला. स्वेटर गुडघ्यापर्यंत पोचत नाही.

बसमध्ये खाऊ देत नाहीत. स्टॉपवरच्या बाकावर बसून खायचं. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती, चार दिवस काही झालं नाही तिला. फक्त एक: तिथल्या खारी अगदी अंगाशी येतात. माझा हात शेंगदाणे टाकायला पुढे गेला आणि सुनेने धरला. त्या खारी चावतात, आणि त्यांना खायला घालणं नियमाविरुद्धही आहे. आईची माया आवरा तेवढी.

---

नान्नजचा_माळ | १० एप्रिल, रात्री १०.४०

बस आणि गुडघे झाले. आता अण्णांसाठी दोन गोष्टी.

पहिली. व्हिजिटर सेंटरहून केशरी बसने यावापाई संग्रहालयाला उतरा. तिथून व्हिलेजकडे 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची पायवाट निघते. सपाट, डांबरी, व्हीलचेअर जाते. जमिनीत दर मीटरला पितळी खूण ठोकलेली. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आजपासून निघायचं आणि मागे मागे चालायचं. वाटेत त्या त्या काळाचा खरा दगड ठेवलेला आहे, हात लावून बघता येतो.

आता सोलापूरकराने तिथे काय करायचं ते सांगतो. आपला काळा दगड, ज्याचा भुईकोट किल्ला बांधला, ज्यावर आपली घरं उभी आहेत, तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे ६६ खुणा मोजायच्या आणि थांबायचं. अण्णांना म्हणायचं, हे आपलं सोलापूर. गंमत ही की तिथून पुढे आणखी दोनशे मीटर गेल्यावर कॅन्यनचा सगळ्यात वरचा दगड येतो, २७ कोटी वर्षांचा. तिथला सगळ्यात नवा थर आपल्या दगडापेक्षा चौपट जुना. आणि ही एवढी दरी नदीने कोरली ती गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे वाटेवरची पहिली पाच-सहा पावलं.

दरीच्या तळाशी जो काळपट खडक दिसतो, त्याचं नाव विष्णू शिस्ट. वय सुमारे १७० कोटी वर्षं. नाव खरंच आपल्या विष्णूवरून. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८०च्या सुमारास दरीतल्या सुळक्यांना मंदिरांची नावं दिली: विष्णू टेंपल, शिवा टेंपल. शिवा टेंपल होपी पॉइंटवरून समोरच दिसतं, माथा सपाट, वर झाडी. सिद्धेश्वराच्या गावचा माणूस तिथे उभा राहून ते नाव ऐकेल तेव्हा त्याला काय वाटेल, ते मला सांगता येत नाही.

दुसरी. आकाशात बघत राहा. कॅलिफोर्निया काँडर तिथे दिसतो. पंखांचा विस्तार जवळजवळ तीन मीटर. १९८२मध्ये जगात फक्त २२ उरले होते. सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले आणि १९९६पासून ॲरिझोनात पुन्हा सोडले. मी नान्नजला माळढोक पक्ष्याच्या मागे कित्येक सकाळी घालवल्या आहेत. शेवटी शेवटी नुसते काळवीट बघून परत यायचो. त्यामुळे तिथे पंखावर नंबराची पट्टी लावलेला काँडर डोक्यावरून गेला तेव्हा मी बराच वेळ खाली बघितलं नाही.

---

जुळेसोलापूर | ११ एप्रिल, सकाळी ९.१०

आमचंही जुलैमध्ये ठरतंय, पण लास व्हेगासहून झायन राष्ट्रीय उद्यानाला. तिथेही अशीच बस आहे ना?

---

बाळीवेस | ११ एप्रिल, सकाळी ११.३०

आहे, आणि झायनची तर आणखी सोपी. दरी अरुंद, रस्ता एकच. २०००पासून तिथे बस चालते, कारण तेवढ्या रस्त्यावर गाड्या मावेनात. आता सगळ्या बस बॅटरीवर धावतात, त्यामुळे झाडांमधून पाण्याचा आवाज येतो. बसच्या हंगामात हॉटेलचं बुकिंग नसेल तर गाडी आत सोडत नाहीत. बाहेरच्या स्प्रिंगडेल गावातून एक बस फाटकापर्यंत आणते, तिथून दुसरी दरीत नेते. दोन्ही मोफत. शेवटचा स्टॉप टेंपल ऑफ सिनावावा, तिथून नदीकाठाने रिव्हरसाइड वॉक, जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर, फरसबंद. एंजल्स लँडिंग या कड्याच्या साखळ्यांवर चढायचं असेल तर २०२२पासून परवाना लागतो, तो आधी ऑनलाइन सोडतीत मिळवा.

आणि दोन्ही उद्यानं करणार असाल तर घड्याळ सांभाळा. उन्हाळ्यात युटाचं (म्हणजे झायनचं) घड्याळ ॲरिझोनाच्या (म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या) एक तास पुढे असतं. शेवटची बस अशीच चुकते.

मुन्नारजवळच्या एरविकुलमला गेला असाल तर पद्धत ओळखीची वाटेल. तिथेही खासगी गाडी खालीच ठेवून वन खात्याच्या बसने वर जावं लागतं.

---

हिशेबनीस | ११ एप्रिल, रात्री ८.००

एक पैशाची गोष्ट राहिली. १ जानेवारी २०२६पासून अमेरिकेबाहेरच्या, १६ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या पाहुण्यांना ११ मोठ्या उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त आहेत. ग्रँड कॅन्यन आणि झायन दोन्ही त्यात आहेत. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा. तुम्ही तिघं म्हणजे नुसते जादाचेच ३०० होतात, त्यापेक्षा पास परवडतो. दाजींकडे तिथल्या रहिवाशांचा पास असेल तर त्यावर गाडीतले कोण कोण चालतात हे निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, फाटकावर रांगेत नको.

---

होटगीरोडकर | २७ मे, रात्री १०.१५

मंडळी, परवा परतलो. लिहायला बसलोय, पण कुठून सुरू करावं कळत नाही.

ठरल्याप्रमाणे शनिवारी चारला लाल बस धरली. मी चालकबाईंना आईचा गुडघा दाखवला. त्यांनी बटण दाबलं, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि बस खाली आली. आई म्हणाली, "अगं बाई, बसली की ही." त्यानंतर ती प्रत्येक स्टॉपला आधी बसकडे बघायची आणि मगच उठायची.

होपीला मोजून बारा-पंधरा माणसं होती. मी अण्णांना बोट दाखवून सांगितलं, ते समोर सपाट माथ्याचं दिसतंय ना, त्याला शिवाचं मंदिर म्हणतात. आधी त्यांना वाटलं मी काहीतरी सांगतोय. मग तिथल्या फलकावरचं नाव मी अक्षर-अक्षर वाचून दाखवलं. अण्णांनी चप्पल काढली. कठड्यापाशी, त्या गार दगडावर अनवाणी उभे राहिले आणि हात जोडले. शेजारी एक जपानी जोडपं होतं, तेही गप्प उभं राहिलं. मी फोटो काढला नाही.

हर्मिट्स रेस्टला चहा घेतला, बाकावर कडक भाकरी मोडली. कडकभाकरी ताई, खार आलीच. आईने पिशवीचं तोंड आवळून धरलं आणि तिला म्हणाली, "नाही हं बाळा, तुला सोसायचं नाही." मोहावेला सूर्य गेला तेव्हा तिघांच्या पायांवर एकच चादर होती. परतीची बस पंधरा मिनिटांत आली, तिघांनाही बसायला जागा मिळाली. बाळीवेस, त्या क्षणी तुमच्या वडिलांची आठवण आली.

रविवारी ६६ खुणा मोजल्या. अण्णा मोठ्याने मोजत होते. सहासष्टला थांबले, वाकून हात लावला. पुढे जायला तयार होईनात. आईच पुढे गेली, २७०पर्यंत, गुडघा विसरून. काँडर मात्र नाही दिसला. ढग होते.

---

विजापूरवेस | २८ मे, सकाळी ८.४५

वाचून सासूबाईंना न्यायचं ठरवलं. पण त्या व्हीलचेअरवर असतात, स्वतःची चाकाची खुर्ची मोठी आहे. बसमध्ये जाईल का?

---

बाळीवेस | २८ मे, सकाळी ९.२०

खुर्ची ७६ सेंटिमीटर रुंद आणि १२२ सेंटिमीटर लांब एवढ्यात बसत असेल तर जाते. आजच टेप घेऊन मोजा, पायाची फळी धरून. त्याहून मोठी असेल तर व्हिजिटर सेंटरपाशी भाड्याने खुर्ची मिळते. आणि बसमध्ये चढणं झेपणारच नसेल तर चालता न येणाऱ्या माणसासाठी एक परवाना असतो. तो घेतला की हर्मिट रोडला स्वतःची गाडी सोडतात. आत शिरताना फाटकावरच मागून घ्या.